जस्ताने धरलेलं पाणी

दिवाळी सरली की जव्हारच्या उतारावर टेम्पो दिसायला लागतात. टेम्पोत उलटी ठेवलेली बाज, तिच्या पायांत कोंबलेल्या गोधड्या, ॲल्युमिनियमची भांडी, टोपलीखाली झाकलेल्या कोंबड्या आणि या सगळ्यावर बसलेली माणसं. मोखाड्याकडून येतात आणि खाली भिवंडीकडे, वसईकडे वीटभट्ट्यांवर जातात. तोवर भात झोडून झालेलं असतं, नाचणी घरात आलेली असते, वरईचे माळ खरवडल्यासारखे बोडके झालेले असतात. सकाळी दरीतून धुकं वर येतं आणि दहा वाजेपर्यंत हलत नाही. या दिवसांना आमच्या पाड्यात वेगळं नाव नाही. ‘लोक गेलं’ एवढंच म्हणतात, आणि ते म्हणायलाही पुष्कळदा कुणी मागे उरलेलं नसतं.

मी जव्हारच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर रसायनशास्त्र शिकवते. या दिवसांत हजेरी घेताना काही नावांनंतर मी जरा थांबते. उत्तर येणार नाही हे माहीत असतं. तरी थांबते.

यंदा टेम्पो दिसले आणि चार वर्षांपूर्वीचा हाच हंगाम आठवला. गंमत अशी की आठवताना दोन जागा एकदम डोळ्यांसमोर येतात, आणि त्यांतल्या एका जागी मी तेव्हा नव्हतेच. एक जागा म्हणजे विद्यापीठातली प्रयोगशाळा, तिथलं सत्तर अंशांवर ठेवलेलं पाण्याचं कुंड आणि त्यात उभ्या काचेच्या नळ्या. दुसरी म्हणजे पोशेरा गावाच्या अंगाला असलेला आमचा रिकामा पाडा आणि त्यात एकटी माझी आई.

एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षी माझ्या मार्गदर्शक मॅडमनी मला अमाइड बंध दिला होता. इतरांना विषय मिळतात तसा मला तो मिळाला, पण मला तो आवडला. चवळीतलं, अंड्यातलं, आपल्या केसांतलं आणि नखांतलं प्रथिन म्हणजे लहान लहान मण्यांची माळ. दोन मण्यांमधली गाठ म्हणजे अमाइड बंध. ही गाठ पाण्याने सुटते असं पुस्तकात असतं, आणि ते खरंही आहे. पण नुसत्या पाण्यात ठेवली तर अर्ध्या गाठी सुटायला शेकडो वर्षं लागतात. ‘तसं नसतं तर आपण अंघोळीतच विरघळलो असतो,’ असं मॅडम म्हणायच्या.

पोटात मात्र हेच काम एका जेवणापासून दुसऱ्या जेवणापर्यंत उरकतं. ते करणारी विकरं, म्हणजे एन्झाइम्स, असतात, आणि त्यांतल्या एकाच्या गाभ्यात जस्ताचा एकच अणू असतो. तीन बाजूंनी त्याला प्रथिनाने धरलेलं असतं आणि चौथ्या बाजूला पाण्याचा एक रेणू टेकलेला असतो. जस्त स्वतः काही तोडत नाही. ते पाण्याला इतकं जवळ ओढतं की पाण्यातला एक प्रोटॉन सैल होऊन निघून जातो आणि मागे हायड्रॉक्साइड उरतं. साध्या पाण्याला जे धाडस नसतं ते त्याला असतं. त्याच वेळी जस्त गाठीतल्या ऑक्सिजनलाही आपल्याकडे झुकवतं, त्यामुळे त्याला लागून असलेला कार्बन उघडा पडतो. मग हायड्रॉक्साइड त्या कार्बनवर जातं, नायट्रोजन सुटतो, गाठ मोकळी होते. पहिल्यांदा हे समजलं तेव्हा मी वही मिटून नुसती बसून राहिले होते. आश्रमशाळेत आम्हाला डाळीतून ‘प्रथिने’ मिळतात हे पाठ होतं. ती मिळाल्यावर पोटात कोण कुणाला धरतं आणि कोण सुटतं, हे कुणी सांगितलं नव्हतं.

आम्हाला त्या विकराची लहानशी नक्कल करायची होती. पिरिडीन नावाच्या कड्यांचे तीन हात असलेला एक रेणू, त्या हातांच्या मध्ये जस्त, आणि प्रत्येक हातावर एकेक अमिनो गट, म्हणजे आत येणाऱ्या अमाइडला हायड्रोजनच्या हलक्या ओढीने आधार मिळावा. तो रेणू बनवायला मला चार महिने लागले आणि हाती आला तो चिमूटभर. शेजारच्या टेबलावरचा मुलगा तांब्यावर काम करायचा, त्याच्या बाटल्या निळ्याशार. पलीकडे कोबाल्ट, ते गुलाबी. जस्ताला रंग नाही. माझं सगळं वर्ष पाण्यासारखं दिसत होतं. साफसफाईच्या मावशींनी एकदा माझ्या बाटल्या उचलून विचारलं, “ताई, ह्या नुसत्याच भरून ठेवल्यात की काही आहे ह्यांच्यात?” मी म्हटलं, आहे. त्यांनी बाटली उजेडात धरून पाहिली आणि माझी समजूत घालावी तसं मान हलवून परत ठेवली.

त्याच वर्षी गणपतीच्या सुट्टीत मी घरी गेले असताना आईला म्हटलं होतं, “आये, यंदा भट्टीवर नको जाऊस.”

आम्ही नाचणीतलं गवत उपटत होतो. ती वर न बघता म्हणाली, “मग काय करू?”

“बस घरी. आराम कर. दाणे आहेत घरात, मला स्कॉलरशिप आहे. वाघबारशीच्या आधी मी येते, महिनाभर राहते. आपण दोघीच राहू.”

वाघबारस म्हणजे आमच्या दिवाळीचा पहिला दिवस. ती उपटत राहिली. मुळांची माती झटकायची आणि गवत बांधावर टाकायचं. मग म्हणाली, “तू येशील नं पण?”

“येणार.”

“मग राहीन.”

संध्याकाळी मामाला कळलं. मामाचं घर आमच्या शेजारीच. बाबा गेल्यापासून आई दरवर्षी मामा-मामीबरोबरच भट्टीवर जायची. मामा हसून म्हणाला, “घ्या, पोरीनं आयला पेन्शनीत काढली.” मामी हसली नाही. ती म्हणाली, “आक्का एकटीच राहील का गं?” मी म्हटलं, “एकटी कुठं, मी आहे ना.”

त्या वेळी मला स्वतःचा फार अभिमान वाटला होता. पहिला पगार यायच्या आधीच आपण आईला विटांखालून सोडवलं, असं. आणि आता लिहायला बसलेच आहे तर हेही लिहिते की हॉस्टेलच्या फॉर्मवर ‘पालकाचा व्यवसाय’ या रकान्यात मी दरवर्षी ‘शेती’ असं लिहीत आले होते. ते खोटं नव्हतं. पण अर्धं होतं. आई भट्टीवर गेली नाही तर तो रकाना आपोआप खरा होणार होता.

भट्टी मला ठाऊक नव्हती. हेही चमत्कारिकच. मी भट्टीवर जाऊ नये म्हणून आईने मला सहाव्या वर्षी आश्रमशाळेत घातलं. दिवाळीपासून वैशाखापर्यंत मी वसतिगृहात आणि ती खाली. आमच्या गणिताच्या सरांनी माझ्याकडून आठवीपासून जादा अभ्यास करून घेतला, फॉर्म भरून दिले, जव्हारला कॉलेजात आणून सोडलं. त्यांचे उपकार मी विसरणार नाही. या सगळ्या माणसांनी मिळून मला भट्टीपासून इतकं नीट लांब ठेवलं की आई वर्षातले सहा महिने कुठे राहते, कुणाशी बोलते, कशाला हसते, यातलं काही मला कळलं नाही. मला फक्त तिच्या हातांच्या भेगा माहीत होत्या. मी भेगांवरून सगळी भट्टी रचली होती.

वाघबारशीच्या दहा दिवस आधी मी नळ्या कुंडात ठेवल्या. दोन मणी जोडलेला एक छोटा तुकडा, त्यात माझं जस्त, सत्तर अंश. सकाळी सहाला आणि संध्याकाळी सहाला प्रत्येक नळीतून थेंबभर काढायचा आणि किती गाठी सुटल्या ते यंत्रावर मोजायचं. दोन दिवस आकडा चढत गेला. तिसऱ्या दिवशी मंदावला. पाचव्या दिवशी थांबला. जितकं जस्त घातलं होतं साधारण तितक्याच गाठी सुटल्या होत्या. पुढे काही नाही.

सोडून गेले असते तर चार महिन्यांची चिमूट वाया गेली असती, आणि का थांबलं ते कळलंच नसतं. मी थांबले. वसतिगृह रिकामं झालं, मेस बंद झाली. प्रयोगशाळेच्या मजल्यावर मी आणि खाली वॉचमनमामा. त्यांनी एकदा घरून फराळाचा डबा आणला आणि म्हणाले, “सणाला मुलगी नळ्यांपुढे बसते, असलं कसलं शिक्षण म्हणायचं हे?” मी म्हटलं, “मामा, तुम्हीपण गेटपुढे बसलायत.” ते म्हणाले, “मला बसायचा पगार आहे. तुमचं काय?” चिवडा चांगला होता. मी तो खिडकीत उभी राहून खाल्ला. समोरच्या इमारतीत एकही खिडकी उघडी नव्हती.

आमच्या पाड्यात फोनला रेंज नाही. माळावर मोहाचं एक झाड आहे, त्याच्याखाली उभं राहिलं की लागतो. आई रोज चार वाजता तिथे चढून यायची.

“कुठं पोचलीस?”

“अजून इथंच आहे गं. चार-पाच दिवस लागतील.”

“काय करतेस तिथं?”

“गाठी सुटतात का बघते.”

“सुटल्या?”

“थोड्या सुटल्या. मग थांबल्या.”

“मग कोयती घाल की. कोयती नाय तुमच्यात?”

मी हसले, तीही हसली. मग म्हणाली, “कडूकंद खणलेत. राखेत उकडले, काप केले, टोपली ओहोळात ठेवलीय.” कडूकंद तसाच खाल्ला तर माणूस आजारी पडतो. राखेच्या पाण्यात उकडून, पातळ काप करून वाहत्या पाण्यात रात्रभर ठेवला की त्याचा कडवटपणा जातो. आमच्या दिवाळीला तो लागतोच. “तू येशील तवा काढीन,” ती म्हणाली.

वाघबारस गेली. दिवाळी गेली. मी आणखी एक प्रयोग लावला होता, त्याला पुन्हा तितकेच दिवस हवे होते. एका दुपारी तिचा आवाज वेगळा आला.

“लोक गेलं सगलं.”

“मामा?”

“मामापण. काल दोन टेम्पो आलेले.”

“मग पाड्यात कोण आहे आता?”

“मी हाय नं.” मागे वारा वाजत होता. “आणि कुत्री,” ती म्हणाली.

मी म्हटलं, आये, अगदी आठ दिवस. ती म्हणाली, “बरं.” तिच्या ‘बरं’मध्ये राग असता तर मी त्याच संध्याकाळी निघाले असते, असं मला पुष्कळदा वाटतं. राग नव्हता.

दुसरा प्रयोग साधा होता. सुटलेला मणी मी सुरुवातीलाच नळीत थोडा टाकून ठेवला. आकडा हललाच नाही. म्हणजे उत्तर मिळालं. माझं जस्त गाठ सोडवत होतं, पण सोडवल्यावर सुटलेला तुकडा आपल्याजवळ धरून बसत होतं. पाण्याने टेकायची जागाच अडली होती. नवं पाणी येत नाही, नवी गाठ येत नाही. मॅडमना फोन केला. त्या गावाला होत्या, मागे मुलांचा गलका चालला होता. त्या म्हणाल्या, “छान. वनिता, तोडणं तुझ्या जस्ताला जमलंय. सोडणं जमत नाही. एका फेरीत अडकणाऱ्याला आपण उत्प्रेरक म्हणत नाही. पण का अडकतं ते तू शोधलंस, हे महत्त्वाचं.”

मला इतका आनंद झाला की मी कॉरिडॉरमध्ये धावत गेले. कुणाला तरी सांगायला. दोन्ही बाजूंना कुलपं होती. मी जिन्यापर्यंत जाऊन परत आले आणि नळ्या धुवायला घेतल्या.

घरी पोचले ती अठरा दिवस उशिरा. मोखाड्याहून जीपने फाट्यापर्यंत आणि पुढे चालत. भर दुपार होती. पाड्यात शिरताना पहिल्यांदा कळलं की आवाज नाही. मुसळाचा नाही, कोंबडीचा नाही, कुणी कुणाला हाक मारल्याचा नाही. कुडाच्या घरांची दारं दोरीने बांधलेली, दारांपुढे काटे आडवे लावलेले. मग कुत्री आली. सगळ्या पाड्याची कुत्री, दहा-अकरा, एकाच वेळी. आणि त्यांच्या मागे आई, हातात खराटा. ती मामीचं अंगण झाडत होती.

“हे काय करतेस?”

“पाला पडतो. अंगणात पाला साचला का घर मेल्यागत दिसतं.” ती रोज सगळ्यांची अंगणं झाडत होती. आमचं धरून चौदा. कुत्र्यांना नाचणीची आंबील शिजवत होती, कारण पाड्यात चूल तेवढी तिचीच पेटत होती. प्रत्येक कुत्र्याला ती मालकाच्या नावाने हाक मारायची. “ए जिवल्याच्या, सरक. काशीच्या, तुझं झालं आता.” म्हणजे दिवसातून दोनदा ती सगळ्या पाड्याची नावं घेत होती.

कडूकंदाची टोपली ओहोळातून काढली तेव्हा काप हाताला लागले नाहीत, लगदा झाला होता. तिने तो पाण्यात सोडून दिला आणि टोपली आपटून स्वच्छ केली. “रोज बघून यायचे,” ती म्हणाली. “रोज म्हणायचे, आजची रात ऱ्हाऊ दे.”

मी माफी मागितली नाही. आमच्याकडे ती मागायची पद्धत नाही, मागायचे शब्दही घरच्या बोलीत नाहीत. मी दुसऱ्या दिवसापासून अंगणं झाडू लागले. तिसऱ्या दिवशी भाकरी थापता थापता तीच बोलली.

“तू मला सुट्टी दिलीस, बाय. सुट्टीत काय करत्यात ते नाय सांगितलंस.”

“आराम, आये.”

“आराम माणसांत व्हतो.” तिने भाकरी उलटली. “तुझा बा गेला तवा मी भट्टीवरच उभी ऱ्हायले. हितं असते तर नसते ऱ्हायले. रातच्याला दहाजणी बसायच्या माझ्याजवळ. कामानं हात फाटले, खरंय. गुडघंबी गेलं. पण हितं मी पंधरा दिस कुणाशी भांडलेपण नाय.”

तिचे हात फाटले होते हे खरं. भट्टीवरचा धूर, तिथलं पाणी, तिथे शाळा बुडवून राहिलेली पोरं, माझ्या हजेरीतली ती गप्प नावं, हे सगळं खरं. ते मी कुणाला गोड करून सांगणार नाही. पण तिची माणसं तिथे होती हेही खरं होतं, आणि मी तिला माणसांतून उचलून एका रिकाम्या पाड्यात ठेवली होती, माझ्या एका शब्दावर. आणि तो शब्दही वेळेवर पाळला नव्हता. जस्ताचं आणि माझं हे जुळवून बघायचं तेव्हा सुचलं नाही. आजही ते फार ताणू नये असं वाटतं. जस्ताला आई नसते.

पुढे माझ्यानंतरच्या मुलीने त्या रेणूचे हात जरा बदलले, आतली जागा दाटीची केली, सुटलेल्या तुकड्याला तिथे टेकून बसता येऊ नये अशी. मग ते जस्त काही फेऱ्या फिरलं. तिने मला कळवलं तेव्हा मी जव्हारला खोली घेऊन राहायला आले होते. शहरात कुठेतरी काम मिळालं असतं, पण आईपासून दीड तासावर राहावं असं मनात होतं. आणि आई त्याच वर्षी म्हणाली, “औंदा मी जाते. विटा नाय उचलायची. सगल्यांची पोरं सांभाळीन, भाकरी करीन.” मी नको म्हटलं नाही. हो म्हणायलाही जमलं नाही. तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि बोचकं बांधायला घेतलं. तेव्हापासून पावसाळ्याचे सहा महिने ती दीड तासावर असते, आणि उरलेले सहा महिने, ज्या गावात मी तिच्यासाठी आले तिथे, मी एकटी.

गेल्या रविवारी मी पहिल्यांदा तिची भट्टी बघायला गेले. रस्ता सोडून आत गेलं की कच्च्या विटांच्या रांगा, त्यांच्यापलीकडे झावळ्या विणून केलेल्या झापांच्या झोपड्या. दुपारची सुट्टी होती. एका झापाच्या सावलीत सात-आठ बायका बसल्या होत्या, आई त्यांच्या मधोमध, मांडीवर कुणाचं तरी बाळ. ती काहीतरी सांगत होती, हातवारे करून, मधेच कुणाची तरी नक्कल करत. मी तिला असं बोलताना कधी पाहिलं नव्हतं. घरी ती कमी बोलते. मी थोडी लांबच थांबले.

मामीने मला पाहिलं. “आक्का, तुझी मास्तरीण आली.” सगळ्या एकदम गप्प झाल्या. सरकल्या, जागा केली. एकीने पदराने बसायची जागा पुसली. मला ते लागलं, पण मी बसले.

एका म्हातारीने विचारलं, “काय शिकलीस तू?”

मी सांगायच्या आधी आईच म्हणाली, “पाण्याला कामाला लावते ती.”

“पाणी काय काम करतंय?”

“आपल्याहून जास्त. फकस्त धरणारं कुणी पायजे त्याला.” बायका हसल्या. चार वर्षं फोनवर तुटक तुटक सांगितलेलं तिने इतकं नीट ठेवलं होतं, हे मला माहीत नव्हतं.

भाकरी, चवळी आणि मिरचीचा ठेचा असं जेवले. माझ्यासमोर त्या बोलत नव्हत्या. माझ्या साडीकडे, घड्याळाकडे बघत होत्या. थोड्या वेळाने आई म्हणाली, “निघ आता. उजेड हाय तवर जीप भेटंल.”

“राहू का आज?”

“राहा म्हणलं तर राहशील. पन तुला करमायचं नाय हितं.” तिने बाळाच्या अंगावरचं फडकं नीट केलं. “तुझी माणसं नाय ही.”

तिने हे वाईट वाटावं म्हणून म्हटलं नव्हतं, ‘पाऊस येईल’ म्हणावं तसं म्हटलं होतं. मी उठले. बाळ झोपलं होतं म्हणून ती उठली नाही, नुसता हात वर केला. मी विटांच्या रांगांमधून रस्त्याकडे चालू लागले. थोडी पुढे गेले असेन, तेवढ्यात मागे त्यांचं बोलणं पुन्हा सुरू झालं, माझ्या येण्याने जिथे थांबलं होतं तिथूनच. आईने ती नक्कल पुरी केली असावी. सगळ्या हसल्या, आणि त्यात तिचं हसू मला वेगळं ओळखू आलं. रस्त्यावर पोचेपर्यंत ते ऐकू येत होतं. पुढे वाहनांचा आवाज होता.